क्रूझवरच्या लग्नात आपला फोटोग्राफर: चालतो का?

प्रेषक: नवरीची ताई
प्रति: मंडळ सभासद

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न क्रूझवर ठरलंय. (हो, क्रूझवरच. घरच्यांची समजूत घालून झालीये, त्यावर आता चर्चा नको प्लीज.) बाकी सगळं जमलंय, गाडी अडलीये फोटोग्राफरवर. तिच्या मैत्रिणीचा भाऊ वेडिंग फोटोग्राफीच करतो, त्याचं काम आम्ही सगळ्यांनी पाहिलंय आणि तिला तोच हवाय. क्रूझच्या वेडिंग को-ऑर्डिनेटरला विचारलं तर तिने नुसतं पॅकेजचं पीडीएफ धाडून दिलं, त्यात त्यांचा फोटोग्राफर, त्याचे तास, प्रिंट, आणि तळाशी बारीक अक्षरांत बाहेरचे व्हेंडर चालणार नाहीत अशा अर्थाची एक ओळ. आता तो मुलगा म्हणतो, मी साधं प्रवासी म्हणून तिकीट काढतो, कॅमेरा काय आजकाल सगळ्यांच्याच गळ्यात असतो, कोण विचारतंय.

हे असं खरंच खपून जातं का? कुणी केलंय का? ऐन लग्नाच्या दिवशी कुणी येऊन "कॅमेरा खाली ठेवा" म्हणालं तर बहीण रडेल आणि तिच्याआधी मी.

नवरीची ताई

---

प्रेषक: काका
विषय: उत्तर: क्रूझवरच्या लग्नात आपला फोटोग्राफर

अगं काही होत नाही. भाच्याच्या लग्नात मीच काढले होते की फोटो, मोठी लेन्स लावून, सगळ्यांच्या पुढे उभा राहून. एकाने हटकलं नाही. उलट त्यांचाच फोटोग्राफर मला म्हणाला, सर, थोडं बाजूला व्हाल का. बिनधास्त आणा त्याला.

काका

---

प्रेषक: माजी जहाज-फोटोग्राफर
विषय: उत्तर: उत्तर: क्रूझवरच्या लग्नात आपला फोटोग्राफर

काका, तुम्ही पाहुणे म्हणून काढलेत आणि पैसे घेतले नाहीत, तिथेच सगळा फरक आहे. मी स्वतः जहाजावर फोटो डिपार्टमेंटमध्ये नोकरी केलीये म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

ताई, प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच, माणूस जहाजावर कोण म्हणून चढतोय याचा आहे. जहाजावर सरळ दोनच जाती, प्रवासी आणि क्रू. काम करणारा क्रूमध्ये बसतो. सागरी कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे (एमएलसी म्हणतात, लागू झाला २०१३ मध्ये), त्यात जहाजावर कुठल्याही प्रकारचं काम करणारा माणूस जवळजवळ आपोआप खलाशाच्या व्याख्येत येतो. मग त्याची मेडिकल, सेफ्टी ट्रेनिंग, कामाचा करार हे सगळं मागे लागतं. मी फोटो काढायचो तरी इमर्जन्सीत माझीही जागा आणि ड्युटी ठरलेली होती. थोड्या काळासाठी येणाऱ्यांना सवलत मिळू शकते, पण एका लग्नासाठी एवढी उठाठेव कंपनी कशाला करेल? त्यात अपघात झाला, स्टँड कुणाच्या डोक्यात पडला, तर जबाबदारी कुणाची, विमा कुणाचा हा वेगळा घोळ.

आणि खरं सांगू का, पैसा हे कारण त्याहून मोठं आहे. फोटो विकणं हा जहाजाच्या कमाईचा एक भाग असतो, तिकिटावर सगळं भागत नाही, बार, स्पा, कसिनो, फोटो यांच्यावर बरीच भिस्त असते. काही जहाजांवर तर फोटो डिपार्टमेंट बाहेरच्या कंपनीला चालवायला दिलेलं असतं, म्हणजे मक्ताच झाला, आणि मक्तेदाराच्या दुकानात दुसरा दुकान मांडणार म्हटल्यावर तो गप्प बसेल का.

म्हणून "प्रवासी म्हणून येतो, कोण विचारतंय" हे जुगार खेळण्यासारखं आहे. बहुतेक वेळा खरंच कुणी विचारत नाही. पण गळ्यात दोन-दोन कॅमेरे, फ्लॅश, स्टँड, सोबत असिस्टंट, आणि नवरा-नवरीला "इकडे बघा, हनुवटी वर" असं चाललेलं दिसलं की कुणीही ओळखतं. थांबवायचा अधिकार त्यांना तिकिटाच्या करारातच असतो, आपण वाचत नाही एवढंच. आणि थांबवलं तर त्या वेळी जहाजाचा फोटोग्राफर दुसऱ्याच ठिकाणी बुक असणार, म्हणजे तोही नाही आणि हाही नाही.

सरळ मार्ग पण आहेत. काही कंपन्या बाहेरच्या फोटोग्राफरला लेखी परवानगी देतात, पूर्ण तिकीट काढून, कधी फी घेऊन, कधी त्यांचं पॅकेजही घ्यायच्या अटीवर. प्रत्येकीचं वेगळं, एकाच कंपनीच्या दोन जहाजांवरही वेगळं ऐकलंय. तेव्हा को-ऑर्डिनेटरला फोन करू नका, ईमेल करा, म्हणजे उत्तर हातात राहतं आणि त्याची प्रिंट लग्नाच्या दिवशी त्या मुलाच्या खिशात.

एक विचारतो. लग्न जहाज सुटायच्या आधी आहे, मध्येच एखाद्या बंदरात आहे, की भर समुद्रात? सगळं त्याच्यावर आहे.

---

प्रेषक: काका

पैसे नाही पण जेवण घेतलं होतं मी 🙂 बाकी माहिती चांगली दिलीस रे. भर समुद्रातलं असेल तर जहाज कुठल्या देशात नोंदलंय ते बघा, कॅप्टनने लावलेलं लग्न सगळीकडे कायदेशीर नसतं. कुनार्ड या क्रूझ कंपनीने २०११ मध्ये त्यांच्या क्वीन मेरी २ जहाजाची नोंदणी साउथहॅम्प्टनहून काढून बर्म्युडातल्या हॅमिल्टनला नेली, त्यात हे लग्नाचं कारण पण होतं, ब्रिटिश नोंदणीत त्यांना समुद्रात लग्न लावता येत नव्हतं.

---

प्रेषक: मंडळाची माजी खजिनदार

ताई, आमच्याकडे जाऊबाईंच्या मुलीचं झालं ते जहाज सुटायच्या आधी, बंदराला उभं असतानाच. आणि आपला फोटोग्राफर आणला होता, रीतसर परवानगीने. त्या दिवशी प्रवासाला न येणारे पाहुणे पण जहाजावर येऊ शकतात, लग्न-जेवण उरकून ते उतरतात आणि मग जहाज निघतं. फोटोग्राफर त्यांच्यातच आला नि त्यांच्यातच उतरला, तिकीट नाही, केबिन नाही.

पण यादी खूप आधी द्यावी लागते हं, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं. त्याच्या असिस्टंटचं नाव आयत्या वेळी बदललं तर तो बिचारा शेवटपर्यंत टर्मिनलवरच बसून राहिला, सिक्युरिटीवाले एका अक्षराने हलले नाहीत. सामान सगळं एक्स-रेतून जातं. आमच्या फोटोग्राफरचा एक्स्टेन्शन बोर्ड तिथेच काढून घेतला, सर्ज प्रोटेक्टरवाला (वीज अचानक वाढली तर उपकरण वाचवणारा) होता, जहाजाच्या वायरिंगला तो धोक्याचा म्हणे. ड्रोन तर सोबत नेऊच देऊ नका.

आणि वेळ! वेळ इतकी कमी असते की विचारू नका. सकाळी जहाज आधीच्या प्रवाशांकडून रिकामं होणार, मग आपल्याला वर घेणार, मग मेकअप, मग लग्न, आणि दुपारी पाहुणे खाली. वर सेफ्टी ड्रिल, नवरा-नवरीला सुद्धा सुटका नाही. कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या २०१२ च्या अपघातानंतर नियम कडक झाला, २०१५ पासून ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटता सुटताच घ्यावं लागतं. आमची नवरी नटूनथटून त्या रांगेत उभी होती, तो फोटो मोबाईलवर काढलाय आणि अख्ख्या अल्बममध्ये घरात सगळ्यांना तोच आवडतो.

---

प्रेषक: नवरीची ताई

बापरे, किती कामाचं सांगितलंत सगळ्यांनी. लग्न आमचं पण सुटायच्या आधीच आहे, त्यामुळे खजिनदार मावशींचा मार्ग जमेल असं वाटतंय. पण मग समुद्रातले, सूर्यास्ताचे फोटो राहिले, बहिणीने जहाज निवडलंय ते मुळात त्यासाठी. ते जहाजाच्याच फोटोग्राफरकडून घ्यावे का? आणि तो मुलगा विचारतोय की कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या विमानातून नेताना काही त्रास?

---

प्रेषक: माजी जहाज-फोटोग्राफर

घ्या की. आमच्या जमातीला उगाच नावं ठेवतात, तिथे चांगली पोरं असतात, फक्त त्यांना दिवसभर गँगवेवर (जहाजावर चढायच्या-उतरायच्या वाटेवर) "स्माईल प्लीज" करायला उभं केलेलं असतं. जहाजावरचा उजेड त्यांना घरच्यासारखा पाठ असतो. लाउंजमध्ये नवरा-नवरी खिडकीला पाठ करून उभे राहतात, बाहेर समुद्र पांढरा झगझगीत आणि चेहरे काळेठिक्कर, नवखा माणूस तिथे अडकतो. बुक करताना एवढं विचारा: लग्नाचे फोटो आधी काढलेला माणूस मिळेल का, आणि फाईली पूर्ण साइजमध्ये, छापायच्या हक्कासकट मिळणार का. हा दुसरा मुद्दा लेखी घ्या. पुष्कळ पॅकेजमध्ये ठरावीक प्रिंट असतात, फाईलींचे पैसे वेगळे आणि कॉपीराइट त्यांच्याकडेच.

सूर्यास्ताचं म्हणाल तर सूर्य डावीकडे मावळणार का उजवीकडे हे जहाज कुठल्या दिशेला चाललंय त्यावर असतं, त्या दिवशी दुपारीच रिसेप्शनला विचारून ठेवा नाहीतर सगळे नटून भलत्याच बाजूला. वारा पण धरून चाला. २० नॉटने जहाज चाललं असेल तर बाहेर पान हलत नसलं तरी डेकवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा लागतो. केस, पदर, सगळं एका दिशेला. जहाजाच्या मागच्या टोकाला, आडोशाला उभं करा, तिथे मागे पाण्याचा पांढरा पट्टा पण दिसतो, मला तरी डेकवरची सगळ्यात चांगली जागा तीच वाटते. छत्रीसारखे लाइट मात्र तिथे उघडूच नयेत.

त्या मुलाला सांगा, एसी केबिनमधून कॅमेरा थेट दमट डेकवर काढला की लेन्सवर वाफ धरते आणि ती पुसून जात नाही, परत धरते. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवायची. शूट झाल्यावर खारट थर ओलसर फडक्याने पुसायचा, कोरड्याने घासला तर काचेवर ओरखडे.

बॅटऱ्या: विमानात जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीची गरज नाही, कॅमेऱ्याच्या त्याच्या खूपच खाली असतात. मोठ्या स्टुडिओ फ्लॅशची १०० ते १६० मधली असेल तर एअरलाइनला आधी विचारायचं, आणि तशा दोनच नेता येतात. बंदरावर सामान हमालांकडे दिलं तर ते केबिनपाशी तासन्‌तासांनी उगवतं, तेव्हा कॅमेरा तिथेही आपल्याच खांद्यावर.

---

प्रेषक: नवरीची ताई

को-ऑर्डिनेटरला ईमेल गेला. तीन गोष्टी विचारल्यात: प्रवासाला न येणाऱ्यांच्या यादीत फोटोग्राफर आणि असिस्टंट दोघं बसतील का, त्यांना पाहुणा म्हणून टाकायचं की व्हेंडर म्हणून, आणि जहाजाच्या फोटोग्राफरचं फक्त संध्याकाळचं सेशन वेगळं मिळतं का. उत्तर आलं की इथे टाकते. काका, तुमच्या मोठ्या लेन्ससकट तुम्ही पाहुणे म्हणून आमंत्रित आहात, पासपोर्टवरचं नाव तेवढं पाठवा.