नाताळ पाळावा का? तुमच्या घरचं सांगा (अनुभव धागा)

सर्वांना सलाम.

डिसेंबर लागला की आमच्याकडे माळ्यावरून चांदणीचा सांगाडा खाली येतो. बांबूच्या कामट्यांचा, सासऱ्यांनी बांधलेला. दरवर्षी त्याला नवा कागद लागतो. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, "आई, यापुढे मी नाताळ पाळणार नाही." नोकरीच्या गावी तो ज्या मंडळीत (चर्चमध्ये) जातो तिथली शिकवण अशी, की शास्त्रात, म्हणजे बायबलात, ख्रिस्तजन्माची तारीख नाही आणि तो दिवस पाळण्याची आज्ञाही नाही. तो भांडला नाही. २५ तारखेला घरी आला, जेवला, फक्त उपासनेला आला नाही. बाकावर त्याची जागा रिकामी होती आणि मला उपदेशातला एक शब्द ऐकू आला नाही.

मला उत्तर देता आलं नाही, कारण शास्त्राच्या दृष्टीने तो खरंच बोलत होता. म्हणून विचारते. तुमच्या घरी नाताळ होतो का? होत नसेल तर का? वाद नको, घडलेलं लिहा.

कोल्हापूरहून आलेला प्रतिसाद

ताई, मी तुमच्या मुलासारखंच मानणाऱ्या घरात वाढले. आमची मंडळी नाताळ पाळत नव्हती. बाबा म्हणायचे, प्रभूने स्मरणार्थ करायला सांगितलं ते भाकर आणि प्याला (प्रभुभोजन), आणि ते आम्ही दर रविवारी करतो. लोकांना वाटतं अशा घरात आनंद नसेल. तसं नव्हतं. रविवारी आमच्या घरी वीस-वीस माणसं जेवायची.

अवघड होतं ते शेजाऱ्यांचं. दिवाळीला चारी घरांतून फराळाची ताटं यायची. नाताळला आमच्याकडून काहीच जायचं नाही, आणि शेजारच्या काकू मात्र हौसेने "हॅपी ख्रिसमस" म्हणायला यायच्या. आईला ते फार लागायचं. मग ती १ जानेवारीला करंज्या, लाडू करून ताटं पाठवायला लागली. बाबांनी कधी काही म्हटलं नाही. लग्न होऊन मी नाताळ पाळणाऱ्या घरात आले. पहिल्या वर्षी उपासनेत रडले, आनंदाने की बाबांना दुखावल्याच्या भावनेने, ते आजही सांगता येत नाही. बाबा मात्र त्या संध्याकाळी आमच्या घरी आले, करंजी खाल्ली आणि बायबलातल्या रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय वाच म्हणाले. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, असं पौलाने लिहिलंय, तोच.

संडे स्कूल शिकवणारा, पुणे

वर्गातल्या मुलाने "येशूचा वाढदिवस नक्की कधी?" असं विचारलं, तेव्हा मी पुस्तकं धुंडाळली. रोममध्ये २५ डिसेंबर पाळल्याची सर्वांत जुनी नोंद इ.स. ३३६ ची आहे. रोमच्या ऑरेलियन बादशहाने २७४ साली अजिंक्य सूर्याची उपासना राजमान्य केली होती, नाताळ त्या सूर्यसणावरून आला असं काही अभ्यासक म्हणतात. इतर काही म्हणतात, ख्रिस्ताचं मरण आणि मरियेची गर्भधारणा दोन्ही २५ मार्चला झाली असं जुने लोक मानत आणि त्यात नऊ महिने मिळवत. आर्मेनियन मंडळी अजून ६ जानेवारीलाच ख्रिस्तजन्म साजरा करते.

मला धक्का वेगळाच बसला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट पंथाच्या) लोकांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. तो कायदा १६८१ मध्ये उठला, पण नाताळची सरकारी सुटी तिथे १८५६ पर्यंत नव्हती. आणि नगरला १८३१ साली जे मिशन आलं ते त्याच मॅसॅच्युसेट्समधल्या बोस्टनचं! म्हणजे आपण ज्यांच्याकडून सुवार्ता ऐकली त्यांच्याच वाडवडिलांनी हा सण नाकारला होता. ताई, तुमचा मुलगा काही परकं बोलत नाही. मी त्या मुलाला सांगितलं, तारीख आपल्याला माहीत नाही, जन्म माहीत आहे.

वसई

आम्ही कॅथलिक, त्यामुळे पाळावा का हा प्रश्न घरात कधी आलाच नाही. नाताळआधी चार रविवारांचा आगमनकाळ, मग देवळात मिस्सा (उपासना). गव्हाणीत बाळाची जागा २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. मला खटकतो तो डीजे.

ग्लासगो

मी इथे नर्स आहे. पणजोबा जालन्याजवळच्या बेथेलचे, पाद्री नारायण शेषाद्रींनी वसवलेलं ते गाव, स्कॉटिश मिशनचं. इथल्या चर्चमधल्या एका आजींनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी वडील नाताळला रोजच्यासारखे कामावर जायचे. स्कॉटलंडमध्ये नाताळची सुटी १९५८ साली सुरू झाली. मला खरं वाटेना, कारण आमच्या जालन्याच्या घरी त्या दिवशी चूल दुपारपर्यंत थांबायची नाही. आजींना शंकरपाळ्या नेऊन दिल्या.

शेवगाव तालुका, आता नगर

आईदादा ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की निघायचं, परत यायला उन्हाळा. त्यामुळे माझा लहानपणचा नाताळ कायम कारखान्याच्या भागात. टोळीत चार कोप्या (झोपड्या) आमच्या ख्रिस्ती लोकांच्या. खाडा केला तर मुकादम पैसे कापायचा, म्हणून २५ तारखेलाही पहाटे फडात.

एका वर्षी २४ च्या रात्री गाडी भरायची होती आणि ट्रॅक्टर उशिरा आला. आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होती, मी धाकटीला घेऊन वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) ढिगावर बसलो होतो. गाडी भरली तेव्हा बारा वाजून गेले असतील. ड्रायव्हर चहा प्यायला थांबला, दिवे चालूच होते. दादांनी फडक्यात गुंडाळलेला नवा करार काढला आणि त्या उजेडात उभं राहून लूकचा दुसरा अध्याय वाचला. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, त्या ओळीपाशी दादा थांबले. "रानात. रात्री." एवढंच पुन्हा म्हणाले. आई फळीवरच बसली. मुकादमही विडी विझवून ऐकत होता. मग आम्ही तिथेच भाकरी आणि गूळ खाल्ला, ड्रायव्हरलाही दिला.

सुटी नव्हती, नवे कपडे नव्हते, चर्च नव्हतं. पाळला म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा. ताई, मुलाशी वाद घालू नका, पण त्याला विचारा, २४ च्या रात्री लूक वाचायला तो तुमच्याजवळ बसेल का.

दादा आता नाहीत. त्यांचा नवा करार माझ्याकडे आहे. त्या पानांना उसाचा चिकटा लागलेला, दोन पानं अजून एकमेकांना धरून बसतात. दरवर्षी मी नखाने हळूच सोडवतो आणि वाचतो.