पडवीतले गिनीपिग आणि निफाडची थंडी, काय करू?

द्राक्षबाग_निफाड:
मंडळी जरा मदत करा. मुलीच्या दोन गिनीपिग आहेत, दोन्ही माद्या. पिंजरा मागच्या पडवीत, कारण आईचं म्हणणं एकच, शेपूट नसलं म्हणून काय झालं, उंदीर तो उंदीरच, घरात यायचा नाही. आता पहाटे पारा ६-७ वर येतोय, द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून आम्ही बागेत शेकोट्या पेटवतोय आणि ह्या दोघी उघड्यावर. काल रात्री ताडपत्रीने पिंजरा चारी बाजूंनी गच्च गुंडाळला, म्हटलं ऊब राहील. सकाळी सोडली तर आतून पाण्याचे थेंब लोंबतायत, भुसा ओला, लघवीच्या वासाने डोळे झोंबले आणि दोघी कोपऱ्यात अंग फुगवून एकमेकींना चिकटलेल्या. एरवी कोथिंबिरीची जुडी सोडायचा आवाज आला तरी शिट्ट्या मारतात, आज गप्प. १०० चा बल्ब लावू का आत?

गावरान_कोंबडी:
लाव की बिनधास्त. आम्ही पिल्लांना लावतो, काही होत नाही.

लीड्सची_वहिनी:
नको हो दादा बल्ब! कोंबडीची पिल्लं वायर कुरतडत नाहीत, ह्या कुरतडतात, त्यात खाली सगळं वाळलेलं गवत. आम्ही इंग्लंडमध्ये ५ वर्षं पाळतोय. इथे १५ च्या खाली गेलं की आत घ्या असंच सांगतात, त्यांना १७ ते २० मानवतं. तुमच्या ६ मध्ये पडवी नकोच, निदान रात्री तरी नको. आणि थंडीइतकाच त्रास ओलीचा आणि वाऱ्याच्या झोताचा, ताडपत्रीने तुम्ही नेमकी ओल कोंडलीत. तीनच बाजू झाका, वाऱ्याची बाजू बंद, समोरून हवा खेळू दे. पिंजरा फरशीवरून विटांवर उचला. भुसा काढा, खाली वर्तमानपत्राचे जाड थर आणि वर गवत, पसरायचं नाही, ढीग घालायचा. पुठ्ठ्याच्या खोक्याला दार कापून त्यात गवत ठासून भरा, त्या स्वतः आत शिरून बोगदा करतात. गरम पाण्याची बाटली जाड मोज्यात घालून एका कडेला ठेवा म्हणजे गरम झालं तर बाजूला सरकता येतं. थर्माकोल आत नको, खातात.

आणि आईंना सांगा, पेरू देशाच्या डोंगराळ भागात लोक ह्यांना पूर्वीपासून स्वयंपाकघरातच पाळतात, चुलीपाशी. (कशासाठी पाळतात ते मुलीला सांगू नका.)

पेरूचीफोड:
वरचं सगळं बरोबर, पण मला त्या गप्प बसल्या ह्याचीच काळजी वाटतेय. आज खातायत का? अर्धा दिवस खाल्लं नाही तरी ह्यांचं पोट बंद पडतं. नाक-डोळे ओले, श्वासाला घरघर असेल तर न्यूमोनिया असू शकतो, थांबू नका, डॉक्टर गाठा. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन वगैरे चुकूनही देऊ नका, पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडातून दिली तर त्यांच्या पोटातले चांगले जंतू मरून जनावर दगावतं. आमच्याकडे जनावराच्या दवाखान्यात लिहून देणार होते, मीच अडवलं, गाई-म्हशींच्या सवयीने होतं तसं. क जीवनसत्त्व माणसासारखंच त्यांच्या शरीरात तयार होत नाही, थंडीत ढोबळी मिरची, पेरूची फोड रोज द्या.

द्राक्षबाग_निफाड:
खाल्लं हो! गवत बदलल्यावर दुपारी मिरची संपवली, नाक कोरडं आहे. डॉक्टरांना उद्या दाखवतोच. बल्ब रद्द. आईला पेरू देशातली गोष्ट सांगितली तर म्हणाली स्वयंपाकघरात नाही म्हणजे नाही, पण जिन्याखाली ठेवा, आणि तिथली चपलांची मांडणी स्वतःच हलवली. आत्ता बघतोय तर तिची जुनी सोलापुरी चादर पिंजऱ्यावर आहे, तीनच बाजूंनी.

@लीड्सची_वहिनी बाटली रात्रीत गार होते, पहाटे ४ ला शेकोटीला उठतो तेव्हा बदलली तर चालेल ना?

लीड्सची_वहिनी:
पळेल. झाकण नीट आवळा फक्त.