युरोप ग्रुप टूरचा कार्यक्रम कसा वाचायचा? आई-बाबांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन युरोपला जायचं ठरतंय. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली हे तीन देश हवेतच, बाकी मिळालं तर मिळालं. सगळं स्वतः आखायला वेळ नाही, म्हणून ग्रुप टूर. आई सपाटीवर भरपूर चालते, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या नको म्हणते. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, एरवी ते माझ्यापेक्षा ठणठणीत.

वेगवेगळ्या कंपन्यांचे कार्यक्रम समोर घेऊन बसले आहे आणि डोकं भणभणलंय. फोटो तेच, शहरं तीच, दरात मात्र बराच फरक. हा फरक नेमका कुठे मुरतो, ते पैसे भरायच्या आधी कळायला हवं. उदाहरणार्थ, एकीकडे नुसतं ‘आयफेल टॉवर’, दुसरीकडे ‘आयफेल टॉवर, दुसरा मजला’ आणि तिसरीकडे ‘आयफेल टॉवरपाशी फोटोसाठी थांबा’. हॉटेलच्या रकान्यात सगळ्यांचं एकच: ‘पॅरिस किंवा परिसर’. हा परिसर केवढा धरायचा?

शिवाय व्हेनिसमध्ये आईला कितपत चालावं लागेल? बर्फासाठी स्वित्झर्लंडमध्ये कोणी युंगफ्राऊच्या डोंगरावर नेतं, कोणी टिटलिसच्या. बाबांच्या दृष्टीने कुठलं बरं? व्हिसाचं विचारलं की ‘ते आमच्यावर सोडा’ एवढंच उत्तर येतं. आणि आई-बाबांच्या खोलीत मला तिसरा बेड घेऊ का वेगळ्या खोलीचे जादा पैसे भरू?

कुठली कंपनी चांगली हे विचारत नाहीये, त्यावर एकमत व्हायचं नाही.

प्रतिसाद:

ताई, आधी क्रियापदं बघा. ‘आत प्रवेश’, ‘तिकिटासह’ असं लिहिलं असेल तरच आत जाणार असं धरा. ‘बघू’, ‘दर्शन’, ‘शहराचा फेरफटका’ म्हणजे बहुतेक वेळा बसच्या खिडकीतून. आयफेलचा दुसरा मजला ११६ मीटरवर आहे, लिफ्ट आहे, आणि पॅरिस तिथून छानच दिसतं. अगदी वरच्या टोकाला जायला दुसऱ्या मजल्यावरून वेगळी लिफ्ट घ्यावी लागते. शिखराचं तिकीट नाही म्हणून टूर नाकारू नका.

दरातला मोठा फरक हॉटेलात असतो. हॉटेलांची संभाव्य नावं ईमेलवर मागवा आणि नकाशावर टाकून बघा. शहराबाहेर हमरस्त्यालगत हॉटेल असेल तर संध्याकाळी जेवून पाय मोकळे करायलाही काही नसतं. मुक्काम किती वेळा बदलतोय तेही मोजा. रोज पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायच्या म्हटलं की ज्येष्ठ माणसं चालण्यापेक्षा त्यानेच जास्त दमतात. सात देशांच्या टूर इथेच मार खातात.

आणखी एक गोष्ट, जी छापील कार्यक्रमात सापडत नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे बसचालकाला दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १०) एवढंच चालवता येतं, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. रोजच्या सलग विश्रांतीचेही नियम आहेत. त्यामुळे रात्री ‘जरा रोषणाई बघायला नेता का’ म्हटल्यावर तो नाही म्हणाला, तर तो उर्मटपणा नव्हे. कार्यक्रमातली रोजची अंतरं बेरीज करून बघा, कुठला दिवस नुसता बसमध्ये जाणार ते कळेल.

व्हेनिसला बस ट्रोन्केटो या पार्किंगच्या बेटापर्यंत जाते, पुढे बोटीने सान मार्को या मुख्य चौकाकडे. त्यानंतर चालणं आहेच, आणि पूल पायऱ्यांचे. आईंना सान मार्को चौकात निवांत बसू द्या, त्यात काही बुडत नाही. पिसाच्या मनोऱ्याला मात्र लिफ्ट नाही, तिथे वर चढण्याचं तिकीट त्यांच्यासाठी घेऊ नका.

प्रतिसाद:

युंगफ्राऊचं स्टेशन ३,४५४ मीटरवर, टिटलिसचं वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर. हवा दोन्हीकडे विरळ, पण टिटलिसला त्या मानाने कमी विरळ. बाबांच्या डॉक्टरांना नेमके हे आकडे सांगून विचारा. ‘स्वित्झर्लंडला जाऊ का’ असं विचारलंत तर ते खुशाल जा म्हणतील. वर गेल्यावर घाई करायची नाही.

व्हिसा कंपनीवर सोडा, पण नियम स्वतःला माहीत हवेत. या तिन्ही देशांना मिळून एकच ‘शेंगेन’ व्हिसा चालतो, म्हणून ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच्याकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर जिथे आधी प्रवेश त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत, तेव्हा १५ दिवसांचा आकडा विसरा. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन पानं कोरी हवीत. शेंगेन व्हिसावर ब्रिटनला जाता येत नाही, कार्यक्रमात लंडन असेल तर तो वेगळा व्हिसा.

विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण तो व्हिसापुरता निकष झाला. रक्तदाब अर्जात लिहाच, आणि आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसी काय देते ते वाचा. गोळ्या हातातल्या बॅगेत, सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन.

तिसरा बेड बहुधा घडीचा, खोल्या लहान. परवडत असेल तर वेगळी खोली घ्या.

प्रतिसाद:

पॅरिसचा मंगळवार टाळा, लूव्र संग्रहालय बंद असतं. व्हॅटिकन संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद. तारखांवर वार घालून बघा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. वार घालून बघितले, एका कार्यक्रमात लूव्र मंगळवारीच निघालं! विचारल्यावर ‘बाहेरूनच दाखवतो’ म्हणाले. ती टूर बाद. उरलेल्यांकडून हॉटेलांची नावं मागवली आहेत.

आता एकच अडलंय. आमच्यापैकी एकाचाच व्हिसा नाकारला गेला तर बाकी दोघांच्या पैशांचं काय, यावर दोन्हीकडून तोंडी ‘बघून घेऊ’ असं उत्तर मिळतंय. हे कोणी लेखी घेतलंय का? मजकूर काय होता?