डीटीएचवर नाशिकच्या स्थानिक वाहिन्या का नाहीत? डिश न काढता त्या मिळवता येतील का?

गोदाकाठ_४२२

मंडळी, नाशिकरोडचा फ्लॅट आहे, सात मजली इमारतीत तिसरा मजला. गच्चीवर ६० सेंटिमीटरची डीटीएच डिश. तिथून हॉलपर्यंत भिंतीतल्या पाइपमधून एकच आरजी-६ वायर आली आहे आणि पाइपात दुसरी वायर जाईल एवढी जागा नाही.

राज्याच्या बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या भरपूर दिसतात. पण गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं, कोणत्या प्रभागात उद्या नळाला पाणी नाही, विसर्जन मिरवणूक कुठे पोचली, हे दाखवणारी नाशिकची एकही वाहिनी यादीत नाही. शेजारच्या घरी केबल आहे, तिथे अशा वाहिन्या दिसतात.

डीटीएचच्या एखाद्या पॅकमध्ये त्या मिळतात का? की डीडी फ्री डिशची दुसरी छत्री लावावी? अमेरिकेत म्हणे छत्रीवरसुद्धा आपापल्या शहराची केंद्रं दिसतात, मग इथे काय अडतं? आणि केबल घेतलीच, तर एकाच वायरीतून डिश आणि केबल दोन्ही आणता येईल का?

हेडएंड_नाशिक

पॅकचा प्रश्नच येत नाही, कारण ती वाहिनी आकाशात गेलेलीच नाही. शहरातल्या केबल कंपनीच्या, म्हणजे एमएसओच्या, कंट्रोल रूममध्ये ती तयार होते आणि तिथूनच फायबरने केबलच्या जाळ्यात सोडली जाते. सरकारी भाषेत तिला ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. उपग्रहावरच्या वाहिनीला लागणारी अपलिंक-डाउनलिंकची परवानगी तिला लागत नाही, एमएसओने मंत्रालयाकडे ऑनलाइन नोंदणी केली की पुरतं. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे शुल्क वाहिनीमागे १,००० रुपये आहे. एकूण वाहिन्यांच्या क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंत अशा वाहिन्या चालवता येतात, शिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी आणखी ५. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर मात्र एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला हवा.

त्याच सूचनांमध्ये तुमच्या अडचणीचं मूळ आहे. प्लॅटफॉर्म सर्व्हिसचा मजकूर त्या एका जाळ्यापुरताच ठेवायचा, दुसऱ्या वितरकाला सरळ किंवा आडमार्गाने द्यायचा नाही. म्हणजे तुमच्या डीटीएच कंपनीने उद्या मागितली तरी केबलवाल्याला ती तशीच उचलून देता येणार नाही.

डीटीएचवर यायचं तर तिला रीतसर उपग्रह वाहिनी व्हावं लागेल. बातम्यांच्या पहिल्या वाहिनीसाठी कंपनीची नेटवर्थ २० कोटी रुपये लागते. वर उपग्रहाचं भाडं आणि डीटीएच कंपनीची कॅरेज फी, म्हणजे वाहिनी पोचवण्यासाठी ती वाहिनीकडून घेते ते शुल्क. या फीला एका वाहिनीसाठी देशभरात महिन्याला ४ लाख रुपयांची कमाल मर्यादा आहे, पण तीही एका कंपनीची. पंचवटी, सिडको, सातपूरच्या दुकानांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला हे पेलणारं नाही. नाशिकला प्रेक्षक नाहीत म्हणून हे होत नाही असं कुणी सांगितलं तर मानू नका. प्रेक्षक आहेत, नियमांची रचना त्यांच्या आड येते.

ट्रान्सपॉन्डर

अमेरिकेचा मुद्दा बरोबर आहे, पण तिथली मांडणी मुळातच वेगळी. तिथे शहराशहरांत खासगी केंद्रांचे स्वतःचे मनोरे आहेत आणि घरच्या अँटेनावर ती फुकट दिसतात. १९९९ च्या कायद्याने छत्रीवाल्या कंपन्यांना ही केंद्रं त्याच भागातल्या ग्राहकांना उपग्रहावरून द्यायची मुभा मिळाली. २००२ पासून नियम असा की, एखाद्या भागातलं एक केंद्र या मुभेखाली घेतलं, तर तिथल्या मागणी करणाऱ्या बाकी पात्र केंद्रांनाही जागा द्यायची. देश २१० बाजारभागांत वाटलेला आहे. उपग्रहावरून स्पॉट बीम, म्हणजे अरुंद झोत, सोडतात. एका शहरावर वापरलेली फ्रिक्वेन्सी दूरच्या शहरावर पुन्हा वापरता येते, म्हणून शेकडो केंद्रं मावतात.

तिथेही तक्रारी आहेतच. भाग जिल्ह्यांच्या हद्दीवरून ठरतो, त्यामुळे सीमेवरच्या घराला कधी शेजारच्या राज्यातल्या शहराच्या बातम्या बघाव्या लागतात. पैशांचा करार फिसकटला की केंद्र एका रात्रीत पडद्यावरून जातं.

आपल्याकडे मनोऱ्यावरून टीव्ही प्रक्षेपण करायची परवानगी खासगी वाहिन्यांना कधीच नव्हती, ते काम फक्त दूरदर्शनचं. त्याचेही ॲनालॉग मनोरे मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. म्हणून गच्चीवर जुना यागी अँटेना पुन्हा चढवू नका. आणि आपल्या डीटीएचचा झोत सबंध देशावर पडतो. नाशिकची एक वाहिनी चढवली की तेवढी जागा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अडते. स्पॉट बीम नाही, तोवर कोणतीही कंपनी जिल्ह्यासाठी जागा देणार नाही.

फ्री डिशवरही नाशिकची वाहिनी नाही. मराठीत सह्याद्री आहे, पण ती तुमच्या डीटीएचवरही असलीच पाहिजे. दूरदर्शनच्या बंधनकारक वाहिन्या एनसीएफच्या, म्हणजे जोडणीच्या मूळ मासिक शुल्काच्या (नेटवर्क कपॅसिटी फी), मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे तिचा वेगळा भार पडत नाही. या कामासाठी दुसऱ्या छत्रीचा खर्च करू नका.

एफ_कनेक्टर

एका वायरीतून दोन्ही येतं, फक्त वस्तू नेमकी घ्यावी लागते. केबलचा सिग्नल साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि एलएनबीकडून, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागाकडून, खाली येणारा ९५० ते २१५० मध्ये. दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्यांना एकत्र करून पुन्हा वेगळं करणारी डबी म्हणजे डिप्लेक्सर. दुकानात ‘सॅट-टीव्ही कंबायनर’ म्हणून मागा, म्हणजे पटकन कळतं. एकाच बनावटीचे दोन नग घ्या.

गच्चीवर: एलएनबीची वायर ‘सॅट’ तोंडाला, केबलवाल्याची वायर ‘टीव्ही’ तोंडाला आणि मधल्या सामाईक तोंडाला तुमची खाली जाणारी वायर. हॉलमध्ये नेमकं उलटं: भिंतीतली वायर सामाईक तोंडाला, ‘सॅट’मधून डीटीएच बॉक्स, ‘टीव्ही’मधून केबलचा बॉक्स. पुढे दोन्ही बॉक्स टीव्हीच्या वेगवेगळ्या एचडीएमआयला. काम करताना डीटीएच बॉक्सचा प्लग काढून ठेवा, कारण वायरीत वीज असते.

चूक बहुधा इथेच होते. डीटीएच बॉक्स एलएनबीला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो. डिप्लेक्सरमधून ही वीज फक्त ‘सॅट’ तोंडाने गेली पाहिजे. तोंडाशी ‘डीसी पास’ लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या. केबलवाल्याचा साधा टू-वे स्प्लिटर वापरलात तर तो ५ ते १००० मेगाहर्ट्झचा असतो. डिशचा वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तिथेच मरतो, आणि वीज अडली तर एलएनबी चालूच होत नाही. दोन्ही तोंडांनी वीज सोडणारा स्प्लिटर तर आणखी वाईट. वीज केबलच्या टॅपमध्ये (मुख्य केबलमधून घराघराला फाटा देणाऱ्या डबीत) शिरते आणि डीटीएच बॉक्स एलएनबी शॉर्ट असल्याची सूचना दाखवतो. दोन डिप्लेक्सरच्या मध्ये काहीही जोडू नका, जुना वॉल प्लेटसुद्धा काढा.

आता पातळीचा हिशेब. गच्चीपासून हॉलपर्यंत वळणं धरून ३० मीटर वायर समजू. चांगल्या आरजी-६ मध्ये केबलच्या वरच्या टोकाला सुमारे ६ डेसिबल जातात, दोन डिप्लेक्सरमध्ये मिळून ३ धरा. बॉक्सपाशी ५५ ते ६० डेसिबल-मायक्रोव्होल्ट (सिग्नलच्या पातळीचं माप) हवे, म्हणून गच्चीवर ६५ ते ६८ मिळाले पाहिजेत. केबलवाल्याच्या माणसाकडे मीटर असतो, तिथेच मोजून घ्यायला सांगा. कमी असेल तर टॅप बदलून मागा, घरात बूस्टर लावू नका, तो सिग्नलमधला गोंगाटही (नॉइज) तेवढाच वाढवतो. डिशच्या बाजूला वरच्या टोकाला १० डेसिबलच्या आसपास जातात, पण एलएनबी ५० ते ६० डेसिबल वाढवून पाठवतो, तिथे काळजी नाही.

नंतर बिघाड झाला तर लक्षणावरून जागा सापडते. डीटीएचच्या निम्म्याच वाहिन्या गेल्या तर बहुतेक वेळा १८ व्होल्ट एलएनबीपर्यंत पोचत नाहीत: कनेक्टर सैल, नाहीतर वायर तांब्याचा मुलामा दिलेली हलकी. केबलच्या सगळ्या वाहिन्यांवर चौकोन पडत असतील तर पातळी कमी, ठराविक वाहिन्यांवरच पडत असतील तर सांध्यात पाणी. नाशिकच्या पावसात गच्चीवरचा डिप्लेक्सर उघडा ठेवला तर जून संपेपर्यंत एफ कनेक्टर हिरवा पडतो. डबी झाकणाच्या खोक्यात ठेवा, तोंडं खाली करा, आत येण्याआधी प्रत्येक वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळेल, आणि सांध्यांवर सेल्फ-ॲमलगमेटिंग टेप गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हाने सुटते. कनेक्टर पिळायचा नको, दाबून बसवायचा घ्या. वायरीवरच्या धातूच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट.

इमारतीत सगळ्यांची मिळून एकच डिश आणि तिचा सिग्नल घराघरांत वाटणारा मल्टिस्विच असेल तर सोसायटीला आणि कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

गोदाकाठ_४२२

खूप आभार. डिश स्वतंत्र आहे. चौकशी केल्यावर केबलवाला म्हणतो की तो आता गच्चीवरून वायर आणत नाही, जिन्यातून थेट घरात फायबर आणतो. मग डिप्लेक्सर लागेल का? आणि केबलचा किमान किती खर्च धरावा?

हेडएंड_नाशिक

मग काम सोपं झालं, डिप्लेक्सर नको. हॉलमध्ये ओएनटी, म्हणजे फायबरचा सिग्नल टीव्ही-इंटरनेटच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी, बसेल. त्याला टीव्हीसाठी वेगळं गोल आरएफ तोंड आहे ना, एवढं आधी विचारा. फक्त इंटरनेटचा ओएनटी असेल तर केबलचा बॉक्स त्यावर चालणार नाही. आरएफ तोंडातून मीटरभर वायर बॉक्सला, बस्स. मात्र वीज गेली की ओएनटी बंद. पुराच्या दिवसांत वीज जातेच, म्हणून १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस लावा, त्याआधी ओएनटीच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट वाचून घ्या.

खर्चाचं सांगायचं तर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, एनसीएफला १३० रुपयांची मर्यादा घातली होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा काढली, दर आता ज्याने त्याने ठरवायचा. तुमच्याकडे सशुल्क वाहिन्या डीटीएचवर आहेतच, म्हणून केबलवर एकही सशुल्क पॅक घेऊ नका. ‘फक्त एनसीएफ, मोफत वाहिन्या आणि प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ असं स्पष्ट सांगा. बरेच जण आधी तीनशे-साडेतीनशेचा पॅक पुढे करतात, आणि त्यात तुम्हाला नको त्या वाहिन्यांचीच भर असते.

पैसे देण्याआधी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर तुम्हाला हवी ती वाहिनी दिसते का ते स्वतः बघा आणि त्यांचा एमएसओ कोण ते विचारा. गल्लीतला केबलवाला वेगळ्या एमएसओचा निघाला तर स्थानिक वाहिन्याही वेगळ्या असतील. बॉक्सही त्या एमएसओच्या जाळ्यालाच बांधलेला असतो, घर बदलल्यावर तो चालेलच असं नाही. म्हणून बॉक्स विकत न घेता भाड्याने मिळतो का पाहा. टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरला केबल जोडून भागणार नाही. नाशिक ३१ मार्च २०१३ च्या मुदतीच्या दुसऱ्या टप्प्यात डिजिटल झालं, तेव्हापासून केबलचा सिग्नल बॉक्सशिवाय उघडत नाही.

सुरगाणा_वाट

शहरात केबलचा पर्याय तरी आहे. जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा तालुक्यांच्या पाड्यांवर केबल नाही, तिथे फ्री डिशच. त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण जिल्ह्याची बातमी सर्वांत जास्त त्यांनाच लागते.

फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व. नाशिकच्या आसपास दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या क्रमाने १३४ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय. उंची ५७ ते ५८ अंश. होकायंत्रातली चूक इथे एका अंशाच्या आत आहे, ती सोडून द्या. डिशच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं, की एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने साधारण ४३ अंश फिरवायचा. हे फिरवणं बरेच जण विसरतात आणि मग सिग्नल दिसतो पण गुणवत्ता वर येत नाही. डिश ऑफसेट (एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला) असल्याने थाळी आकाशाकडे वाटते त्यापेक्षा बरीच उभी दिसते, त्याने घाबरू नका. जास्त पावसाच्या पट्ट्यात ६० ऐवजी ७५ किंवा ९० सेंटिमीटरची थाळी घ्या, मुसळधार पावसात तेवढाच आधार मिळतो.

यावर सह्याद्री येईल, नाशिकचं स्थानिक काही येणार नाही. त्यासाठी आकाशवाणी नाशिक, एफएम १०१.४. सेलवरचा रेडिओ घरात ठेवाच, वीज आणि मोबाइलचा मनोरा दोन्ही गेले तरी तो बोलतो. जिथे एफएम पोचत नाही पण नेट आहे, तिथे ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर आकाशवाणीची केंद्रं ऐकू येतात.

ट्रान्सपॉन्डर

एक राहिलं. केबल घेण्याआधी हवी ती वाहिनी यूट्यूबवर थेट दाखवते का ते तपासा, अनेक स्थानिक वाहिन्या दाखवतात. ७२० रेषांच्या चित्राला ३ मेगाबिटच्या आसपास वेग लागतो, म्हणजे तासाला सुमारे १.३५ जीबी. घरी ब्रॉडबँड असेल तर महिन्याचा जादा खर्च शून्य. मोबाइलच्या डेटावर मात्र दिवसाचा कोटा मिरवणुकीच्या निम्म्यातच संपेल. चित्र केबलपेक्षा १५-३० सेकंद उशिरा येतं, बातम्यांना चालतं.

गोदाकाठ_४२२

केबलवाल्याच्या ओएनटीला आरएफ तोंड आहे, विचारून घेतलं. शेजारी दिसणाऱ्यांपैकी एक वाहिनी यूट्यूबवर आहे, दुसरी फक्त केबलवर. फक्त एनसीएफचा दर लेखी मागितला आहे.

एफ_कनेक्टर

बसवायला माणूस आला की ओएनटीच्या आरएफ तोंडावरची पातळी मोजून घ्या. एक मीटर वायरीत काही जात नाही, तिथे ६०-६५ असले की पुरे. ७५ च्या वर असेल तर ट्यूनर दबतो आणि जवळ असूनही चौकोन पडतात, तेव्हा ओएनटी आणि बॉक्सच्या मध्ये १० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावून मागा. आणि फायबरची पिवळी वायर टीव्हीच्या मागे दाबून वाकवू देऊ नका, ३ सेंटिमीटरपेक्षा लहान वळण नको.