'चांगलं कधी होतं?' एवढं विचारून माणूस बदलतो का?

इंदिरानगरची आई:
मुलगा नववीत आहे, तीन महिने झाले आठवड्यातून दोन-तीन दिवस पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवतो, डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. शेवटी समुपदेशक बाईंकडे गेलो. मला वाटलेलं आता लहानपणापासूनचं सगळं उकरून काढतील, तर त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, गेल्या महिन्यात तो कुरकुर न करता कधी गेला? मी म्हटलं कधीच नाही. त्या नुसत्या थांबल्या. मग आठवलं, ह्यांची अंबडला नाईट असते त्या आठवड्यात रोज जातो की! हे सव्वासातला घरी येतात, दोघं चहा-खारी खातात, मग हे त्याला गाडीवर सोडतात आणि येऊन झोपतात. बाकीचे आठवडे व्हॅन. बाई म्हणाल्या, ह्यातलं काय वाढवता येईल ते बघू. सोल्युशन फोकस्ड थेरपी म्हणतात म्हणे ह्याला. मला तरी हे पटलं, आपण पोरांचं बिघडलेलंच मोजत बसतो.

निफाडकर:
ताई तुमचं चांगलं झालं, पण मला ही पद्धत अजिबात पटत नाही. भावाची द्राक्षबाग माल उतरायच्या आठ दिवस आधी गारपिटीत गेली. झोप नाही, बोलणं नाही, म्हणून घेऊन गेलो अशाच एका समुपदेशकांकडे. त्यांनी विचारलं, रात्री झोपेत चमत्कार झाला आणि अडचण गेली तर सकाळी कशावरून कळेल? भाऊ म्हणाला, बाग उभी दिसेल. पुढे काय बोलणार? मग शून्य ते दहात किती बरं वाटतं, सांगा. सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने आकडा काय सांगायचा? त्याच्यात ताकद आहे हे आम्हाला माहितीये हो, पण आधी त्याचं दुःख तर ऐका कोणीतरी. परत गेलाच नाही तो.

सातपूर एमएसडब्ल्यू:
मी ह्याच क्षेत्रात काम करते. दादा, तुमच्या भावाच्या बाबतीत घाई झाली असं मला वाचून वाटतं. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग ह्या जोडप्याने १९७८ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला केंद्र काढलं, तिथे ही पद्धत घडली. तासन् तास सेशन बघून त्यांच्या लक्षात आलं की अडचण कायम चोवीस तास नसते, मधे मधे ती नसते किंवा कमी असते, आणि तेव्हा माणूस काहीतरी वेगळं करत असतो, ते शोधायचं. चमत्काराचा प्रश्न ह्याच पद्धतीतला. पण इतक्या मोठ्या नुकसानीत आधी विचारायचं असतं, एवढं होऊनही तुम्ही रोज उठता कसे? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. आकड्याचंही तसंच, तो दोन म्हणाला तर दहा का नाही असं नाही विचारायचं, शून्य का नाही ते विचारायचं. झोप अजून नसेल तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवाच, आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सरकारी आहे, फुकट आहे.

कॉलेज रोड, निवृत्त शिक्षक:
तीस वर्षं वर्गात काढली म्हणून स्पष्ट लिहितो. शाळेच्या दिवशीच पोट दुखतं म्हणजे पोराला कशाची तरी भीती आहे. कारण न शोधता चहा-खारी वाढवून काय होणार? हे वरवरचं आहे, भिंतीला ओल आली की वरून रंग मारण्यातला प्रकार. ताई, त्याला विचारलंत का, कोणी त्रास देतं का?

सातपूर एमएसडब्ल्यू:
सर, कारण विचारायला बंदी नाहीये कोणाची. फक्त कारण सापडल्याशिवाय बदल सुरूच होणार नाही हे आम्ही मानत नाही. आणि मुलाला मारहाण होत असेल तर ती आधी थांबवायची, तिथे कुठलीच थेरपी आड येत नाही.

इंदिरानगरची आई:
दोन दिवसांनी लिहितेय. सरांचं वाचून रात्री त्याला विचारलं. कोणी त्रास देतं का म्हटल्यावर नाही म्हणाला, तोंड फिरवलं. मग मी म्हटलं, बाबा सोडतात तेव्हा बरं काय वाटतं रे? तर म्हणाला, व्हॅनमध्ये बसावं लागत नाही. मग सगळं बाहेर आलं, मागच्या सीटवरची दोन मोठी मुलं रोज डबा काढून घेतात, वर धमकी. मी रडले खरं सांगते.

कॉलेज रोड, निवृत्त शिक्षक:
म्हणजे कारण होतंच. मी म्हणत होतो तेच.

इंदिरानगरची आई:
होतं ना सर, आणि तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलंच नसतं. पण सरळ विचारल्यावर तो बोलला नाही, बरं काय वाटतं विचारल्यावर बोलला. व्हॅन बंद केली, सोमवारपासून मी ॲक्टिव्हावर सोडणार, शाळेतही भेटून आलो.

निफाडकर:
बरं झालं ताई, पोरगं सुटलं. व्हॅन बंद करता येते, माझ्या भावाचं कर्ज असं बंद होत नाही, म्हणून माझं मत आहे तिथेच आहे. काल मात्र मळ्यात बसलो होतो तेव्हा त्याला म्हटलं, एवढं गेलं तरी पुढच्या हंगामाच्या खरड छाटणीला स्वतः उभा राहिलास, कसा काय रे? बराच वेळ गप्प होता. मग अण्णांनी ती बाग लावली तेव्हाचं सांगायला लागला, अंधार पडेपर्यंत बोलत होता.