वेल्सचं जुनं संगीत म्हणजे स्टेडियममधला कोरस नव्हे

सरळसोट
परवा रग्बीच्या धाग्यावर 'लंडनचा_मावळा' यांनी ठोकून दिलं की, "कार्डिफच्या मैदानावर हजारो लोक एकत्र गातात ती ड्रुइडांपासून (ख्रिस्तपूर्व काळच्या केल्टिक पुरोहितांपासून) चालत आलेली परंपरा आहे. वेल्श माणूस गळ्यात सूर घेऊनच जन्मतो, त्याला शिकावं लागत नाही." खाली सगळ्यांची वाहवा. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

मैदानात ऐकू येतं ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या चॅपलचं, म्हणजे गावोगावच्या प्रार्थनाघरांचं देणं. चार आवाजांत बांधलेली स्तोत्रं, सोल-फा (सारेगमसारख्या अक्षरांच्या) लिपीतली पुस्तकं, दिवसभर खाणीत राबून संध्याकाळी तालमीला येणारे लोक. ड्रुइडांचा एक सूरसुद्धा आज कुणाच्या हाती नाही. ड्रुइडांच्या नावाने चालणारे दगडांच्या वर्तुळातले सोहळे योलो मोर्गानुग या गवंड्याने १७९२ साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर सुरू केले. बनावट 'जुनी' हस्तलिखितं तयार करण्यात हा गृहस्थ उस्ताद होता.

खरं जुनं संगीत दरबारी होतं, तारांचं होतं, आणि ते शिकावंच लागायचं. हवेल द्दा या वेल्श राजाच्या नावाने चालणाऱ्या कायद्यांत राजाच्या पदरच्या कवीला राजाकडून हार्प आणि राणीकडून सोन्याची अंगठी मिळते. राणीला तिच्या दालनात गाणं हवं असेल तर त्याने बेताच्या आवाजात गायचं, बाहेरच्या सभेला त्रास होता कामा नये, हेही लिहिलंय! ११७६ साली कार्डिगनच्या किल्ल्यात ऱ्हीस ॲप ग्रिफिद या दक्षिण वेल्सच्या राजाने वर्षभर आधी दवंडी पिटून स्पर्धा भरवली. कवींसाठी बक्षिसाची एक खुर्ची; हार्प, क्रूथ (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) आणि पावा वाजवणाऱ्यांसाठी दुसरी. १५२३ साली उत्तर वेल्समधल्या काएरविसच्या मेळाव्यात तर शिकाऊपासून उस्तादापर्यंतच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला काय यायला हवं याचे नियमच ठरले. अँगलसीच्या रॉबर्ट ॲप ह्यूने १६१३च्या सुमारास उतरवलेलं हार्पचं हस्तलिखित आजही आहे. त्यात चोवीस मापं, म्हणजे रचना बांधायचे ठरलेले साचे, एक आणि शून्याच्या रांगांत मांडलीत आणि कुठली तार कोणत्या बोटाने छेडायची, कशी दाबून थांबवायची याच्या खुणांचा तक्ता दिलाय. "शिकावं लागत नाही" म्हणणं हा त्या लोकांचा अपमान आहे.

लंडनचा_मावळा
वा, निबंध झकास. आता जेराल्ड ऑफ वेल्स हा जुना धर्मगुरू-लेखक वाचा. बाराव्या शतकाच्या शेवटी तो लिहितो की वेल्श लोक इतरांसारखे एका सुरात गात नाहीत, जितकी डोकी तितकी गाणी ऐकू येतात आणि शेवटी सगळी एका गोड सुरावर येऊन मिळतात. लहान मुलंसुद्धा तसंच गातात. दरबारातली नाही, लहान मुलं! सकाळी आलेल्या पाहुण्याला घरातल्या मुली संध्याकाळपर्यंत हार्प ऐकवतात, हेही त्यानेच लिहिलंय. माणसाची आजी वेल्श, ११८८ साली आर्चबिशपबरोबर सगळा मुलुख फिरलेला. तुम्ही कुठे फिरलात?

सरळसोट
जेराल्ड वाचलाय, पुढचं पानही वाचलंय. तिथे तो म्हणतो की उत्तर इंग्लंडमध्येही दोन सुरांत गातात आणि बहुधा डेन लोकांकडून शिकले असावेत. म्हणजे ड्रुइड तिथेच बाद. बाराव्या शतकात वेल्समध्ये अनेक सुरांत गात होते हे मान्य. पण तिथून थेट चॅपलच्या बाकांवर उडी? मधली सहाशे वर्षं तुम्ही बोटीने पार केलीत काय?

बेसूर_बाबू
मला त्या कार्डिगनच्या स्पर्धेत रस आहे. इतिवृत्तात म्हणे वादनाची खुर्ची ऱ्हीसच्याच दरबारातल्या एका तरुणाला मिळाली. यजमानाच्या घरचाच पोरगा! म्हणजे आठशे वर्षांत काही बदललेलं नाही. माझ्या मुलीने पाच वर्षं गाण्याच्या परीक्षा दिल्या. परीक्षक रागाचं चलन विचारायचे, गाणं ऐकायचेच नाहीत. तिने शेवटी तंबोरा कपाटावर ठेवला. माझे वडील आयुष्यभर भजनात पेटी वाजवायचे, त्यांना कुणी पायऱ्या विचारल्या नाहीत. काएरविसचं ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

खडाष्टक
बाबूराव, काएरविसच्या नियमांमागे संगीताचं प्रेम कमी आणि पोटापाण्याचं राजकारण जास्त होतं. १५६७च्या दुसऱ्या मेळाव्याच्या शाही फर्मानात सरळ लिहिलंय की स्वतःला गवई-कवी म्हणवणारे भटके फार झालेत, त्यांना चाळा. सनद नसलेल्याने दुसरं काम शोधायचं.

आणि सरळसोट, हवेल दहाव्या शतकात वारला, कायद्यांची हस्तलिखितं तेराव्या शतकापासूनची. त्यातलं काय त्याच्या काळचं, हे कोण सांगणार? दुसऱ्यांचे ड्रुइड पाडायचे आणि स्वतःचा हवेल तेवढा पक्का, हे कसं?

सरळसोट
म्हणूनच 'नावाने चालणाऱ्या' असं लिहिलंय. चष्मा पुसा.

कार्डिफची_काकू
आम्ही इथे बरीच वर्षं आहोत. नातीच्या शाळेत एक मार्चला आइस्टेडव्हॉड (गाण्या-कवितांच्या स्पर्धांचा मेळावा) असतो, ती हार्पवर पेनिल्यन म्हणते. हार्पची एक चाल चालू असते आणि गळ्याने दुसरीच चाल धरायची, दोघं शेवटी एकत्र. घरी रोज तेच ऐकते म्हणून सांगते, न शिकता हे कुणाला जमणार नाही. सेंट फेगन्सच्या संग्रहालयात १७४२चा क्रूथ आहे, तोही बघून या. सहा तारा, त्यातल्या दोन बाजूला काढलेल्या, अंगठ्याने छेडायला. आणि तारांच्या तीन ओळींची ती वेल्श हार्प तर काय वर्णावी!

खडाष्टक
काकू, ती तीन ओळींची हार्प मूळची इटलीची. सतराव्या शतकात आली आणि शंभर वर्षांत 'आमची प्राचीन' झाली.

पूर्वसूरी
मग ती वाचवली कोणी हेही सांगा ना! मेथडिस्ट या कडक ख्रिस्ती पंथाने नाचगाणं पाप ठरवलं, लोकांनी वाद्यं टाकून दिली, तेव्हा ही हार्प हातात धरून ठेवली एब्रम वूडच्या रोमा (जिप्सी) वंशजांनी. त्याच घराण्यातल्या जॉन रॉबर्ट्सने १८८९ साली आपल्या मुलांसह व्हिक्टोरिया राणीपुढे वाजवलं. आणि रोमा मूळचे कुठले? भारताचे! म्हणजे वेल्सची हार्प आपल्या लोकांनी टिकवली. हे कुणी बोलत नाही.

सरळसोट
आलं! कुठलाही धागा घ्या, दहाव्या प्रतिसादापर्यंत तो सिंधूकाठी पोचतोच.

पूर्वसूरी
वेल्समधल्या रोमांच्या बोलीवर जॉन सॅम्पसनचा १९२६चा जाडजूड ग्रंथ आहे, ती भारतीय आर्य कुळातली आहे. गोऱ्याने लिहिलंय, आता तरी पटेल?

खडाष्टक
बोलीबद्दल वाद कोण घालतंय? वाद्य इटालियन, चाली वेल्श, गिऱ्हाईकही वेल्श. एब्रम वूड अठराव्या शतकात आला तो फिडल घेऊन, असं तिथे सांगतात. हार्प ते वेल्समध्येच शिकले. हजार वर्षांपूर्वी पंजाबातून निघालेल्या माणसाच्या पणतूच्या पणतूला 'आपले लोक' म्हणताय. तेच उद्या पुण्यात घर भाड्याने मागायला आले तर सोसायटीत घ्याल?

पूर्वसूरी
वैयक्तिक पातळीवर उतरू नका. माझ्या सोसायटीचं तुम्हाला काय माहीत?

कार्डिफची_काकू
अरे भांडू नका. भारताचं मला कळत नाही, पण जॉन रॉबर्ट्सचं नाव इथे हार्पवाले आजही आदराने घेतात. नातीची शिक्षिका तर त्याच्या चाली शिकवते.

खडाष्टक
काकूंसाठी एवढं देतो: रोमा नसते तर तीन ओळींची हार्प काचेच्या कपाटात गेली असती, क्रूथसारखी. श्रेय त्या घराण्याचं, पूर्वसूरींचं नाही.

बेसूर_बाबू
आणि एब्रम वूडच्या पोरांनी काएरविसची सनद काढली होती का? नाही ना. १५६७ साली असते तर भटके म्हणून पहिले हाकलले गेले असते तेच. परीक्षावाल्यांनी काढलेली चोवीस मापं कागदावर राहिली, रॉबर्ट ॲप ह्यूचं हस्तलिखित नेमकं कसं वाजवायचं यावर तज्ज्ञ अजून भांडतायत. बिनसनदीवाल्यांच्या चाली काकूंची नात वाजवतेय. बोला सरळसोट.

सरळसोट
बाबूराव, मुद्दा बरा आहे, पहिल्यांदाच. पण रॉबर्ट्सच्या मुलांना बापाने घरी तालमी दिल्याच असणार. परीक्षा वेगळी आणि शिकणं वेगळं. मी शिकण्याबद्दल बोलतोय.

लंडनचा_मावळा
पहिल्या पोस्टमध्ये काएरविसच्या पायऱ्यांचा झेंडा कोणी नाचवला होता बरं? असो. ड्रुइड मागे घेतो, त्यांच्यावाचून माझं अडत नाही. जेराल्डच्या त्या लहान मुलांना अनेक सुरांत गायला कोणी शिकवलं, तेवढं सरळसोट यांनी सांगावं. दोनदा टाळलंय.