मदत हवी आहे: जुन्या पॉकेटबुक रहस्यकथा माफक दरात कुठे मिळतील? (मुक्काम राजापूर)

अर्जुनातीर
बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाड आणि झुंजार मालिकांतली साधारण पंधरा पुस्तकं हवी आहेत, शिवाय साठच्या दशकातल्या तीन सामाजिक कादंबऱ्या. निवडक कथांचे नवे संच निघालेत ते ठाऊक आहे, पण माझ्या यादीतली नावं त्यांत नाहीत. संग्रहासाठी नकोत, वाचायला हवीत. कव्हर नसलं तरी चालेल, पानं मात्र सगळी हवीत. टपालखर्च धरून दोन हजारांत बसवायचं आहे. ऑनलाइन एकाने एका प्रतीचे साडेसातशे सांगितले, आतली छापील किंमत दीड रुपया!
कोकणात बसून शोध कुठे घ्यायचा, किती पैसे द्यायचे आणि आत्ता पावसात मागवावीत की थांबावं?

जुना_खण
आधी यादी नीट करा. अर्नाळकरांची पुस्तकं हजाराच्या वर आहेत, त्यामुळे "काळापहाडचं ते बेटावरचं" असं सांगून कुणालाच काही सापडणार नाही. प्रत्येक नावापुढे नायक, प्रकाशक, मालेचा क्रमांक आणि पानांची संख्या, जेवढं मिळेल तेवढं लिहा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा छापील ओळखक्रमांक, विसरा, या पुस्तकांना तो नसतोच.

ऑनलाइन शोधताना एक खोच आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांवर 'नाहीं', 'कांहीं', 'पांच' असे अनुस्वार असतात. कुणी नोंद करताना ते जसेच्या तसे उतरवतो, कुणी गाळतो. दोन्ही रूपांनी शोधा. रोमन लिपीतल्या नोंदी तर आणखी विचित्र, एकाच शब्दाची चार स्पेलिंगं. अशा वेळी पूर्ण नाव न टाकता त्यातला एकच शब्द, ज्याचं स्पेलिंग फारसं बदलत नाही असा, आणि लेखकाचं आडनाव एवढंच टाकावं.

ग्रंथपाल_निवृत्त
विकत घ्यायच्या आधी वाचनालयं पाहा. यादीतली चार-पाच तिथेच वाचून झाली तर बजेटवरचा भार तेवढा कमी. तुम्हाला सोयीचं म्हणजे रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय, १८२८चं. खाली सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं, पण २००५ आणि २०२१ अशा दोन पुरांत तिथल्या पुस्तकांचं फार नुकसान झालं. तेव्हा आधी फोन करा, मगच जा.

आता विकत घेण्याबद्दल. सार्वजनिक वाचनालय जीर्ण पुस्तकं नोंदवहीतून कमी करतं, त्याला निर्लेखन म्हणतात. कमी केलेले गठ्ठे बहुतेक वेळा रद्दीत जातात आणि त्यांत पॉकेटबुकं भरपूर असतात, कारण सगळ्यांत आधी फाटतात तीच. काउंटरवर "जुनी पुस्तकं विकायची आहेत का?" असं विचारलंत तर उत्तर "नाही" येणार. "निर्लेखनाची यादी कधी निघते? त्यातली अमुक पुस्तकं रद्दीच्या दराने किंवा देणगी घेऊन द्याल का?" असा साधा अर्ज यादी जोडून द्या. कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय ग्रंथपालाला एकही पुस्तक देता येत नाही, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या वाचनालयांतही अर्ज टाकून ठेवा.

पुस्तक घेताना त्यावर 'बाद' असा शिक्का आणि सोबत पावती, दोन्ही मागा. नुसता वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत बाहेर विकायला दिसली तर ती परत न केलेलीही असू शकते.

डोंबिवली_फास्ट_नाही
मुंबईत येणं झालं तर फोर्टातल्या फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर दिवस घालवू नका, तिथे इंग्रजी जास्त. मराठी पॉकेटबुकं निघतात ती मराठी वस्तीतल्या रद्दीवाल्यांकडे: गिरगाव, दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली. चाळ पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात आणि दोन-तीन दिवसांत सगळं वजनावर जातं. रद्दीवाल्याला यादी वाचायला वेळ नसतो. "हाताएवढी, पातळ, चित्राचं कव्हर, मराठी, दिसली की बाजूला ठेवा, रद्दीच्या दुप्पट देईन" एवढं सांगून नंबर द्यायचा. पातळ पॉकेटबुक शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरतं, म्हणजे दुप्पट दराचंही त्याला फारसं काही वाटत नाही आणि तुमचंही जात नाही.

हेच राजापुरात, लांज्यात, कणकवलीत भंगारवाल्यांना सांगा. कोकणातली बंद घरं उघडतात गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. माळ्यावरची ट्रंक तेव्हाच खाली येते. गठ्ठे ट्रकवर चढायच्या आधी गाठायचे.

अर्जुनातीर
हे कामाचं आहे. सामाजिक कादंबऱ्यांसाठीही हीच वाट का?

सुरंगीचा_वळेसर
त्यांच्यासाठी दिवाळी अंक बघा. त्या काळात पुष्कळ कादंबऱ्या आधी दिवाळी अंकात एकाच वेळी अख्ख्या छापून यायच्या आणि पुस्तक नंतर निघायचं. अंकांना संग्राहक कमी, म्हणून स्वस्त पडतात. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचं साल काढा आणि त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचे अंक तपासा. 'पूर्वप्रसिद्धी' असा उल्लेख बहुधा मनोगतात किंवा श्रेयनामावलीच्या पानावर असतो. फक्त हे लक्षात ठेवा की अंकातला मजकूर कधीकधी आखूड असतो, लेखक पुस्तक करताना प्रकरणं वाढवतात.

आणि प्रकाशकाला विचारल्याशिवाय "आवृत्ती संपली" हे खरं धरू नका. दुकानदाराकडे संपली म्हणजे गोदामात संपली असं नाही. शेवटच्या मळक्या दहा-वीस प्रती विक्रीच्या यादीतून काढलेल्या असतात, पण असतात. प्रकाशन बंद पडलं असेल तर हक्क वारसांकडे गेलेले असतात, आणि मग तीच कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाकडे जोडकादंबरी (एका पुस्तकात दोन) म्हणून, कधी नाव बदलून आलेली असते.

जुना_खण
दराचं राहिलं. मी लावतो तो हिशेब सांगतो, तो काही बाजारभाव नव्हे.

पॉकेटबुकात पैसे असतात ते कव्हरच्या चित्राला. तुम्हाला कव्हर नको, म्हणजे तुमची बाजू भक्कम. सगळ्यांत स्वस्त आणि वाचायला सगळ्यांत टिकाऊ प्रत म्हणजे जुन्या सर्क्युलेटिंग लायब्ररीची (भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानाची) पुन्हा बांधलेली: पुठ्ठा, पाठीला रेक्झिन, मूळ कव्हर गायब, पहिल्या पानावर जांभळा शिक्का आणि "पाने दुमडू नयेत". संग्राहक तिला हात लावत नाहीत. अशा प्रतीला शंभराच्या वर जाऊ नका. मूळ कव्हरसकट धड प्रत असेल तर दोनशेपर्यंत ठीक. साडेसातशे हा संग्राहकाचा भाव आहे, तो वाचणाऱ्याने का द्यावा?

पैसे पाठवण्याआधी पाच फोटो मागा: शीर्षकपान, त्यामागचं मुद्रकाचं पान, मधोमध उघडलेलं पुस्तक, पाठ आणि शेवटचं छापील पान. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. रहस्यकथेत खुनी शेवटी कळतो आणि तारेच्या शिलाईतून आधी सुटतं तेही शेवटचंच पान! शिवाय विक्रेत्याला पान १६-१७ आणि ३२-३३ उघडून पाहायला सांगा. फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेला पानांचा जुडगा, बहुधा सोळा पानांचा असतो, तो निखळला तर सोळाची सोळा पानं एकदम जातात आणि बाहेरून पुस्तक धडधाकट दिसतं. पुन्हा बांधलेल्या प्रतीत आतला समासही बघा. बाइंडरने कड जास्त कापली किंवा शिवण आत घेतली असेल तर प्रत्येक ओळीचं एक अक्षर शिवणीत जातं.

कायदेकानू
कुणी "झेरॉक्स करून देतो, दीडशे" म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. अर्नाळकर १९९६ साली गेले, म्हणजे २०५६ अखेरपर्यंत हक्क आहेत. पुस्तक छापून मिळत नाही एवढ्याने ते मोकळं होत नाही. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती करायची सवलत आहे, पण ती सार्वजनिक वाचनालयाला, वाचनालयाच्याच वापरासाठी. ग्रंथपालाला एवढं सुचवता येईल की जीर्ण प्रत बाद करण्याआधी तिची एक प्रत करून ठेवा. तुम्हाला निदान बसून वाचता येईल.

टपालपेटी
खर्चाचा मुद्दा. छापील पुस्तकांचं जुनं रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं. मे २०२५पासून 'ज्ञानपोस्ट' आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, माग काढता येतो. जमिनीवरून जातं, उशीर धरा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं, तेव्हा ते पान फाटलेलं असेल तर काउंटरवर अडू शकतं. सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. कादंबरी घेतील का ते विक्रेत्याला आधी विचारून घ्यायला सांगा. सुटी सुटी मागवू नका, एकाच विक्रेत्याकडून गठ्ठा करा. पंधरा पॉकेटबुकं दीड किलोच्या आसपास भरतील.

मालवणी_खाजा
पावसात मागवलंस तर पुस्तक ऱ्हवला बाजूक, बुरशी वाचूची लागात.

अर्जुनातीर
😀 मग थांबतो. पण एक गठ्ठा गणपतीच्या आधीच हाताशी येईल असं दिसतंय. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवला तर?

ग्रंथपाल_निवृत्त
मुळीच नको. या पुस्तकांचा कागद न्यूजप्रिंटच्या जातीचा, हवेतला ओलावा टिपकागदासारखा पितो. दमट पुस्तक पिशवीत बंद केलं की आत बुरशीचीच सोय होते. पाण्यातून गठ्ठा आणायचा तेवढ्यापुरती पिशवी, घरी आल्यावर लगेच काढायची. पुस्तकं उभी करून पंख्याखाली, पानं किंचित उलगडून, दोन-तीन दिवस ठेवा. उन्हात घालू नका, असा कागद उन्हाने पिवळा पडतो आणि मग दुमडला की तुटतो. बुरशी ओली असताना पुसू नका, पसरते. पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. तारेचे टाके गंजले असतील तर चिमट्याने अलगद काढा आणि त्याच भोकांतून दोरा ओवा. सेलोटेप नको. दहा वर्षांनी टेप निघून जाते, पिवळा डाग आणि चिकटा तेवढा राहतो. पातळ टिश्यूची पट्टी आणि खळ पुरे.

भंगारातून आलेला गठ्ठा घरातल्या कपाटात थेट ठेवू नका, कसर आणि वाळवी सोबत येते. वाळवून झाल्यावर घट्ट पिशवीत भरून डीप फ्रीझरमध्ये, उणे १८च्या आसपास, दोन आठवडे ठेवा.

सुरंगीचा_वळेसर
भर घालते. फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. आतली पुस्तकं गार असताना बाहेरची दमट हवा लागली की पानांवर दव धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. एक अख्खा दिवस तशीच बंद ठेवा, मग उघडा.